वाळक्या भुरुंडीवर सत्तावीस

विहीणबाई, काल सकाळी साडेनऊला आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीत सत्तावीस फुलपाखरं होती. सगळी भुरुंडीच्या एकाच वाळक्या जुडीवर. पहिल्यांदा मोजली तेव्हा एकतीस भरली, पण चार जणं उडून पुन्हा बसली असावीत असा संशय आला, म्हणून ती धरली नाहीत. निळसर पट्ट्यांची ब्लू टायगर जास्त, पाच-सहा काळपट कॉमन क्रो, आणि एक कोण ते मला अजून ओळखता आलेलं नाही. जुडी दिसतच नव्हती हो. सोंड उलगडायची, काडी ओली करायची, चाटायची, पुन्हा ओली करायची. मी हातभर अंतरावर उभी, तर माझी कोणाला फिकीर नाही. एक तर माझ्या चष्म्याच्या दांडीवर येऊन बसलं आणि मी श्वास धरून बुजगावण्यासारखी उभी राहिले.

मग तशीच आत धावले आणि तुम्हाला फोन लावला. तुमचा फोन आता भावेशकडे असतो, तुमच्या मुलाकडे. त्याने उचलला आणि मी म्हणाले, "सत्तावीस." तो म्हणाला, "कोण सत्तावीस, मावशी?" तेव्हा कुठे लक्षात आलं की तुम्हाला जाऊन सोळा दिवस झालेत. "काही नाही रे," म्हटलं आणि ठेवला. ओट्याशी उभी राहून रडले. रडता रडता पुन्हा गॅलरीत गेले, कारण दुसरी मोजणी अर्धी राहिली होती.

तर बातमी ही अशी आहे आणि ती सांगताना मला अजून धाप लागते. पण या बातमीच्या पोटात माझं एक खोटं आहे, आणि ते मी तुमच्या लेकीला, म्हणजे माझ्या सुनेला, आज दुपारपर्यंत सांगितलेलं नव्हतं. तुम्ही असताना तुम्हालाही नाही. आता सांगायला बसलेच आहे तर पहिल्यापासून सांगते.

माझा निनाद आणि तुमची हर्षदा यांचं ठरलं, तेव्हा तुम्ही कोलशेतहून आमचं घर बघायला आला होता. आठवतं? त्या आठवड्यात माझी बदकवेल फुलली होती. गॅलरीच्या ग्रीलवर ताटाएवढं मरून रंगाचं फूल, खाली शेपटी लोंबतेय. घोडबंदर रोडच्या नर्सरीतून आणून दोन वर्षं जपलेला वेल. मी मुद्दाम खुर्च्या गॅलरीच्या तोंडाशी मांडल्या होत्या. तुम्ही आत पाऊल टाकलंत, नाकाला पदर लावलात आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "काय मेलाय तुमचे घरान?"

हर्षदाने डोळे मिटून घेतले. मी मात्र शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेली बाई, संधी कशी सोडणार? हे फूल सडक्या मांसाचा वास सोडतं, त्या वासाला माश्या भुलतात, फूल त्यांना रात्रभर आत कोंडतं आणि सकाळी अंगाला पराग फासून सोडून देतं, असं सगळं मी तुम्हाला समजावून दिलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "म्हंजे पावण्याला कोंडून काम करून घेतंय." आणि निघताना त्याचीच फांदी मागून नेलीत. ती तुम्ही मागच्या संडासावर चढवलीत, कारण तिथे वासाचा कोणाला संशय येणार नाही. दोन वर्षांत तुमच्याकडे एका वेळी अकरा फुलं आली. माझ्याकडे कधी चारच्या वर गेली नाहीत. हे मी तुम्हाला नीट मनापासून 'छान' म्हणून कधी सांगितलं नाही, फक्त "कुंडीत एवढंच येतं" असं म्हणत राहिले.

तुमच्या घरामागची ती परसाची पट्टी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा नाक मुरडलं होतं. तिन्ही बाजूंना टॉवर, मध्ये तुमचं कौलारू घर आणि मागे नुसतं तण. रुई, पानफुटी, कढीपत्त्याचं जंगल, आणि गुडघाभर भुरुंडी, जी मी मुलांना सहलीत रस्त्याकडेचं तण म्हणून दाखवायचे. माझ्याकडे पॅगोडा फूल होतं, हेलिकोनिया होती, जांभळी पोर्टरवीड होती, शिंजीर पक्षी दिवसातून सहा वेळा येऊन जायचा. तुमच्याकडे काय, तर तण. आणि त्या तणावर फुलपाखरांची अशी झुंबड, की माझं बोलणं मध्येच थांबलं.

मिठागराची गोष्ट तुम्ही तेव्हाच सांगितलीत. लहानपणी तुम्ही बांधावरचं गवत कापायला जायचात. कापून टाकलेली भुरुंडी दोन-तीन दिवसांत वाळली, की तिच्यावर निळी पाखरं चढायची, ओल्या झाडाला सोडून. तुमचे बाबा म्हणायचे, ती मिठाला येतात. तुम्हाला ते पटत नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीने त्यांचे पंख न्याहाळले होते आणि ठरवलं होतं, "ज्याचे पंखाला खिसा, तो नवरा. बायकोला खिसा नाय. आनि येतान ते सगले नवरेच." लग्नाआधी अत्तर लावायला येतात, असं तुमचं म्हणणं. मी हसले. खिशाचं मी कुठल्याच पाठ्यपुस्तकात शिकवलेलं नव्हतं, म्हणून ते खरं नसणार अशी माझी खात्री होती.

मग आली हर्षदाची पहिली मंगळागौर. तुम्ही ओटीचं सामान, नारळ, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वाळकी जुडी घेऊन आलात. पूजेच्या पत्रीचा ढीग पडलेला, त्यात कोणीतरी विचारलं, "ही कुठली हो पत्री?" तुम्ही हौसेने सांगितलंत, ही पूजेची नाही, ही दारात टांगायची, फुलपाखरं येतात. आमच्याकडच्या दोघीतिघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यातल्या एकीचा मुलगा माझा विद्यार्थी. मला लाज वाटली. तुमची नाही, खरं सांगायचं तर माझीच, की माझ्या घरात असं काही बोललं जातंय. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "विहीणबाई, फुलपाखरू मधासाठी येतं, मध फुलात असतो आणि फूल जिवंत झाडाला येतं. मेलेल्या गवतावर काही येत नाही." वर्गात बोलतात त्या आवाजात.

तुम्ही एवढंच म्हणालात, "बगा तरी टांगून. तीन दिस दव पिऊ द्या."

मी टांगली नाही. दुसऱ्या दिवशी पत्रीबरोबर निर्माल्यात घातली. कचऱ्यात टाकली नाही, निर्माल्यात टाकली. म्हणजे अपमानाला सोवळं नेसवलं. चार दिवसांनी तुमचा फोन आला, "आला का येक तरी?" आणि मी म्हणाले, "वाट पाहिली हो, नाही आलं."

हे पहिलं खोटं. हे लहान होतं, मी मानलं असतं तर एका चहात संपलं असतं.

पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर तुम्ही स्वतः आलात. जुडी स्वतःच्या हाताने ग्रीलला बांधलीत, मुळं वर, शेंडे खाली, वाऱ्याच्या आडोशाला. आणि स्टुलावर बसलात ते नऊपासून एकपर्यंत. मी दोनदा चहा दिला, आणि दोन्ही वेळा माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते आठवून आता कानाच्या पाळ्या गरम होतात. एकही आलं नाही. तुम्ही जाताना म्हणालात, "दव पडाला पायजे. तीन दिस काढू नका." मी 'बरं' म्हटलं. विसरलेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालायला गेले आणि जुडीवर पाच होती. पाच. मी ओला टॉवेल हातात धरून पाऊण तास उभी होते. सगळ्यांच्या मागच्या पंखावर तो बारीक उंचवटा, तुमचा खिसा. संध्याकाळी मी पुस्तकं काढली, मग फोनवर शोधलं, आणि तुमचं एकेक वाक्य तिथे माझ्याकडे बघत होतं. फक्त नर. वाळलेल्या, मोडलेल्या पाल्यातून कडू सत्त्व घेतात, आणि त्यापासून मादीला भुलवणारा वास बनवतात. तुमचं अत्तर. दहा वर्षांच्या पोरीने मिठागराच्या बांधावर जे पाहिलं, ते मला एकतीस वर्षं पगार घेऊन ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मला तुमच्याशी बोलावंसं वाटत होतं, इतका आनंद झाला होता. हे तुम्ही मानाल की नाही कोण जाणे. पण सकाळी तुमचाच फोन आला, "आला का येक तरी?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही हो. आमच्या डोंबिवलीत नाही येत तुमची पाखरं." का म्हणाले? मंगळागौरीला त्या बायकांसमोर जे बोलले होते ते गिळायचं नव्हतं, बास. दुसरं कारण शोधून सापडलं नाही. तुम्ही म्हणालात, "हवा बरी नाय तुमचेकरची." आणि मी जुडी उतरवून ठेवली, कोणी बघायला नको म्हणून.

तिथून तुम्ही हट्टाला पेटलात. त्याच मोसमात आणखी दोनदा आलात. एकदा पाण्याचा हबका मारून, एकदा मुळं खाली करून, आणि दोन्ही वेळा माझं उत्तर तेच. मागच्या वर्षी तर तुम्ही मला शपथ घातलीत की टांगून ठेवाच. मी ठेवली, स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत, जिथे ना ऊन ना वारा. त्या वर्षीचं माझं 'नाही' अगदी शंभर टक्के खरं होतं, एवढी काळजी मी घेतली.

आणि मग तुमचा तेरावा. पंगत उठल्यावर भावेश म्हणाला, मागचं सगळं तण काढून दोन गाड्यांची जागा होईल. हर्षदा माझा हात धरून मला मागे घेऊन गेली. संडासावर माझी बदकवेल फुललेली होती. कुंपणाच्या कडेला भुरुंडीची एक वेगळी ओळ होती, तुमच्या जुन्या निळ्या साडीच्या चिंध्या बांधून वेगळी केलेली. अर्धी तुम्ही आधीच उपटून पडवीत उलटी टांगली होती.

"ही आईची डोंबिवलीची ओळ," हर्षदा म्हणाली. "आमच्याकडचं वाण तुमच्याकडे चालत नाही असं तिच्या डोक्यात बसलेलं. बोलली, डोंबिवलीची पाखरं डोंबिवलीकडचंच खातील. म्हणून उन्हाळ्यात डोंबिवलीजवळच्या दिवा गावच्या मावशीकडे गेलेली, तिकडच्या खाडीच्या बाजूचं बी आणायला. गुडघे दुखत होते तरी बांधावरून चालत गेलेली."

मी चिंध्या मोजल्या, चौदा होत्या. पडवीतली जुडी मागून घेतली आणि घरी आणून गॅलरीत बांधली, मुळं वर, वाऱ्याच्या आडोशाला. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच विचारणा झाली, तिसऱ्या मजल्यावर काहीतरी टांगलंय, कोणी करणी केली आहे का. मी उत्तर दिलं, 'माझ्या विहीणबाईंनी दिलंय, तीन दिवस थांबा.' तीन दिवस थांबले, आणि काल सत्तावीस. आता त्याच ग्रुपवर माझ्या गॅलरीचा व्हिडिओ फिरतोय आणि शेजारच्या बाई विचारतात, एखादी काडी मिळेल का.

हर्षदा तर वेडी झाली. ती रडत होती, हसत होती, दहा जणांना फोन करत होती. "आईचं बरोबर निघालं. वाणच चुकत होतं. दिव्याचं वाण चाललं." भावेशला तिने बजावलं, त्या ओळीला हात लावायचा नाही, आणि तोही विरघळला. गाड्यांच्या जागेचा बेत बारगळला. सगळे तुमच्या शेवटच्या प्रयोगाचं कौतुक करत होते, आणि मी मध्ये उभी. खरं सांगावं, तर तुमचा शेवटचा उन्हाळा, ते दुखरे गुडघे, सगळं फुकट ठरतं. न सांगावं, तर तुमचं कोलशेतचं वाण, ज्याच्यावर तुम्ही लहानपणी पाखरं मोजलीत, ते कायमचं बदनाम. आणि गावात सगळ्यांना तोंडपाठ होणार की हिला आधी जमत नव्हतं, शेवटी जमलं. तुम्हाला पहिल्या दिवसापासून जमत होतं.

आज दुपारी हर्षदा गवार मोडत बसली होती. मी समोर बसले आणि सांगितलं. निर्माल्याचं सांगितलं, पाच फुलपाखरांचं सांगितलं, मागच्या बाल्कनीचं सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हणजे आमचंच वाण चालत होतं."

"हो."

"पाच होती?"

"पाच."

"कुठे बसलेली?"

मी उठून ग्रीलवरची जागा दाखवली. ती मग म्हणाली, "आई, मी तिला सारखी बोलवायची इकडे. ती बोलायची, लेकीचे घरा उगाच कनाला जाव, लोका काय बोलतील. तुमचं 'नाही' ऐकलं की दुसऱ्या आठवड्यात जुडी घेऊन हजर. त्या जुडीच्या नावाखाली किती वेळा येऊन गेली ती. म्हणून मला तुमचा रागपण धड येत नाहीये."

"येऊ दे," मी म्हटलं.

"येतोय. खूप येतोय." तिने गवारीची परात बाजूला सारली. "तिला कळलं असतं ना पाच आलेली, ती इथे नाचली असती. इथेच, गॅलरीत. तुम्ही आईला नाचताना बघितलंच नाहीत कधी. आमच्या हळदीला तिच्यासारखं कोणी नाचायचं नाही. माझ्या लग्नात फक्त कामात होती, नवरीची आई म्हणून."

एवढं बोलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून तिचा आवाज ऐकू येत होता. भावेशला सांगत होती की दोन्ही वाणं ठेव, जुनं आधी, आणि सगळ्यांना सांग की आईचं पहिल्यापासून बरोबर होतं, डोंबिवलीची सासू खोटं बोलली. हे तिने हळू आवाजात सांगितलं नाही, आणि तेच योग्य झालं.

विहीणबाई, मी तुमची माफी मागते. ती तुमच्यापर्यंत पोचत नाही हे मला जीवशास्त्रातून चांगलं माहीत आहे, तरी मागते. तुम्ही माझ्या घरी येत राहिलात याचा आनंद मी ठेवून घेते, तो माझ्या खोट्यातून आला तरी. तुम्ही मला शिकवलंत, आणि मी तुम्हाला एकदाही 'बरोबर' म्हटलं नाही. आता म्हणते. बरोबर होतं, पहिल्या जुडीपासून.

पण तुमचा नाच मी घालवला, ते काही केल्या परत येत नाही.

संध्याकाळी ऊन कलल्यावर गॅलरीत गेले. अजून नऊ होती. सुतक फिटून पाचच दिवस झालेत, माझं वय त्रेसष्ट, समोरच्या इमारतीत लोक कपडे काढत होते. मी कंबरेला पदर खोचला आणि एक पाय उचलला. मला येत नाही हो. जन्मात कधी नाचले नाही. दोन पावलं टाकली आणि कुंडीवर आपटले. मागे बघितलं तर हर्षदा दारात उभी, डोळे सुजलेले. मला वाटलं आता ओरडणार.

ती पुढे आली, माझी दोन्ही मनगटं धरली आणि वर उचलली.

"अजून वर, आई," ती म्हणाली. "तिचे हात याच्यापेक्षा वर असायचे."